लग्नाच्या मांडवामागचे कामकरी

पुण्यात लग्नसराईची वर्दी मार्केट यार्डाला लवकर लागते. तुळशीची लग्ने आटोपली की भुसार बाजारात तांदूळ, डाळ, साखरेच्या पोत्यांची आणि फुलबाजारात झेंडू-शेवंतीची चढउतार वाढते. हाच माल पुढे मंगल कार्यालयात जातो. पण यार्डात तो उचलणाऱ्या नोंदणीकृत हमालाला कायद्याचा आधार आहे; कार्यालयात तो शिजवणाऱ्या, वाढणाऱ्या आणि खरकटे काढणाऱ्याला बहुधा नाही. हा फरक का पडला, ते आम्ही एका फ्रेंच बोलपटाच्या साहाय्याने सांगणार आहोत.

एरिक तोलेदानो व ऑलिव्हिए नाकाश या जोडीने २०१७ साली ‘ल सांस द ला फेत’ हा विनोदी चित्रपट काढला. गोष्ट एका लग्नाची. पण वधूवरांपेक्षा त्यात राबणारेच अधिक दिसतात. जुन्या सरदारी वाड्यात समारंभ आहे. झाँ-पिएर बाक्री याने रंगविलेला मॅक्स हा ठेकेदार, त्याची तापट मदतनीस, खाण्यावर नजर ठेवणारा छायाचित्रकार, तोऱ्यातला गवई, जुन्या थाटाचा पोशाख चढवावा लागल्याने कुरकुरणारे वाढपी. मांस नासते, वीज जाते, प्रेक्षक हसतात. मॅक्सच्या जिवाला मात्र वेगळाच घोर आहे. काही कामगारांची त्याने नोंदच केलेली नाही, आणि पाहुण्यांत कोणी सरकारी तपासनीस आहे की काय, या शंकेने तो घाबरतो.

तिकडचा ठेकेदार निदान घाबरतो. इकडच्याला घाबरावे लागत नाही, कारण वाढप्याचा मालक कोण, हेच ठरलेले नाही.

हमालाचीही एके काळी हीच गत होती. सकाळी एका अडत्याचे काम, दुपारी दुसऱ्याचे. मालक रोज बदलणारा, म्हणून जबाबदारी कोणाचीच नाही. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायत उभी राहिली. १९६९ साली राज्यात माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. कायमचा एक मालक शोधीत बसण्याऐवजी कायद्याने मध्ये एक मंडळ उभे केले. कामगार आणि व्यापारी, दोघांनी तेथे नोंद करावयाची. व्यापाऱ्याने मजुरी व तिच्यावर लेव्ही मंडळात भरावयाची. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधपाणी यांची सोय व्हावयाची. मंडळावर कामगार, मालक व सरकार या तिघांचे प्रतिनिधी.

वाढप्यासाठी हे का होऊ नये? कोणी म्हणेल, यार्ड एका जागी आहे, लग्ने गावभर लागतात. खरे आहे, परंतु मंगल कार्यालय जागचे हलत नाही, आणि तारीख ठरताच तेथे पावती फाटते. त्या पावतीबरोबरच लेव्ही घेता येईल.

ठेकेदाराचाही यात तोटा नाही. चित्रपटाच्या आरंभीच एक जोडपे खर्च कमी करण्यासाठी मॅक्सशी घासाघीस करते. अशा घासाघिशीत डाळ-तांदळाचा भाव उतरत नाही. उतरते ती मजुरी. लेव्ही सर्वांना सारखी लागली, तर मजुरी बुडवून स्वस्त ताट देणाऱ्यापुढे प्रामाणिक ठेकेदार हरणार नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर घरी कार्य निघाले, तर ताटाचा दर ठरवितानाच वाढप्याला आणि भांडी घासणारीला किती मिळणार, हेही ठेकेदाराला विचारावे.