थ्री नॉट थ्रीची जन्मपत्रिका

नाणी जमवणारा किंवा पोस्टाची तिकिटं जमवणारा एखादा तरी नमुना प्रत्येक वर्गात असतोच. मी रायफली जमवतो! थांबा, लगेच पोलिसांना फोन नको. माझ्याकडे एकही रायफल नाही, जत्रेतली छऱ्याची बंदूकसुद्धा नाही. आहे ती एक दोनशे पानी वही. जुनी लष्करी रायफल कुठेही जवळून बघायला मिळाली की तिच्यावरचे ठसे, आकडे, खुणा मी वहीत उतरवून घेतो. आपल्याकडे कायद्यात बसणारा संग्रह एवढाच, आणि खरं सांगतो, तेवढा पुरतो. कारण या रायफलीवर तिची अख्खी जन्मपत्रिका कोरलेली असते. फक्त ती वाचता यायला पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, पालघर-बोईसरला कुठल्या आल्यात रायफली? एनसीसीवाल्यांना विचारा. शिवाय दरवर्षी २ ते ८ जानेवारीला महाराष्ट्र पोलिसांचा रेझिंग डे सप्ताह असतो, तेव्हा विद्यार्थ्यांना शस्त्रं दाखवतात. बहुतेक जण एके-४७ भोवती गर्दी करतात. मी कोपऱ्यात लाकडी दस्त्याची म्हातारी दिसते का ते शोधतो. तीच आपली थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एन्फिल्ड. ०.३०३ इंच हा तिच्या नळीचा आतला व्यास, साधारण ७.७ मिलिमीटर.

बोल्ट म्हणजे दाराची कडी

बोल्ट अ‍ॅक्शन समजायला मशीन डिझाइनचं पुस्तक उघडायची गरज नाही. घराच्या दाराची आडवी कडी आठवा. दांडी वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा. झालं! मागे ओढताना रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलताना मॅगझिनमधलं नवीन काडतूस नळीत जातं आणि दांडी खाली पाडली की बोल्ट लॉक होतो.

गंमत आहे ती लॉक कुठे होतो यात. जर्मन माउझरमध्ये बोल्टचे मुख्य खिळे पुढच्या टोकाला असतात, म्हणजे स्फोटाचा दाब जिथे येतो तिथेच आधार. मजबुतीला एक नंबर. जेम्स पॅरिस ली यांच्या डिझाइनमध्ये ते मागे आहेत. त्यामुळे दाब आला की बोल्ट किंचित दबतो, हा तोटा. पण दांडी माउझरसारखी ९० अंश नाही, ६० अंशच उचलावी लागते आणि बोल्टचा प्रवासही कमी होतो. म्हणून ही रायफल भराभर चालते. ब्रिटिश सैनिकाकडून मिनिटाला १५ नेम धरून झाडलेल्या गोळ्यांची अपेक्षा असायची! मॅगझिनमध्ये १० काडतुसं बसतात, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी भरायची.

ओळखायची कशी?

पहिल्यांदा तोंड बघा. नळी लोखंडी टोपणाच्या आतच संपून तोंड बोथट दिसत असेल, तर ती नंबर १ मार्क ३. हे मॉडेल १९०७ चं. नळीचं टोक दोनेक इंच बाहेर डोकावत असेल, तर दुसऱ्या महायुद्धातली नंबर ४. टोकाला नरसाळं असेल, तर नंबर ५, म्हणजे जंगल कार्बाइन.

मग बोल्टच्या दांडीखाली बघा. दस्ता जिथे लोखंडाला मिळतो, तिथे उजव्या बाजूला एक कडं असतं. मुख्य मजकूर तिथे. वर मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं, मग कारखाना, साल आणि मॉडेल. 'जी आर' म्हणजे राजा जॉर्ज, 'ई आर' म्हणजे एडवर्ड. 'जी आर आय' दिसलं तर समजा रायफल हिंदुस्थानात बनलेली, कारण तो 'आय' म्हणजे इम्परेटर, इथला सम्राट! त्याखाली इशापूर हे नाव सापडेल. हा बंगालमधला सरकारी रायफल कारखाना, बराकपूरच्या शेजारचा. हो, मंगल पांडेंचं बराकपूर. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

मार्क ३ च्या पुढे चांदणी असेल तर अजून मजा. मूळ मॉडेलमध्ये मॅगझिनवर सरकणारी एक पट्टी होती. ती लावली की सैनिकाने एकेक काडतूस हाताने भरायचं, आतली दहा आणीबाणीसाठी राखून. पहिल्या महायुद्धात लाखोंनी रायफली लागायला लागल्या तेव्हा १९१६ मध्ये ही पट्टी काढून टाकली, लांब पल्ल्याच्या जादा माश्याही काढल्या. काम तेच, खर्च आणि वेळ कमी. व्हॅल्यू इंजिनिअरिंगचा धडा एका चांदणीत!

शेवटी नंबर ताडून बघा. बोल्टच्या दांडीवर, बॉडीवर आणि पुढच्या टोपणावर एकच नंबर हवा. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर बोल्टचं तोंड आणि काडतूस यांच्यातली फट बिघडू शकते. टॉलरन्स म्हणजे काय ते इथे कळतं. आणि 'डी पी' असा ठसा दिसला तर ती ड्रिल पर्पज, फक्त कवायतीची.

जी मुद्दाम अधू केली

माझ्या वहीतलं सगळ्यात अस्वस्थ करणारं पान .४१० मस्केटचं आहे. बाहेरून अगदी थ्री नॉट थ्री. पण इशापूरला तिची नळी बदलून रुंद, गुळगुळीत, आटे नसलेली केलेली आणि मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवलेला. म्हणजे नेम कच्चा, पल्ला कमी आणि एका वेळी एकच गोळी. ही बंदूक हिंदी पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना द्यायची. १८५७ नंतर हिंदी शिपायांना अशाच गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या होत्या, तीच परंपरा. शिपाई आपल्यावर उलटला तर? म्हणून हे डिझाइन. इंजिनिअरने चांगलं मशीन मुद्दाम वाईट केलं, कारण वापरणाऱ्यावर मालकाचा विश्वास नव्हता. दुसऱ्या बाजूला निःशस्त्र गर्दी पांगवायला तेवढी बंदूक भरपूर झाली.

हा इतिहास आपल्यापासून लांबचा नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी चले जाव आंदोलनात पालघरला पोलिसांनी मोर्चावर गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. रायफलीवर राजाचं नाव असतं, कारखान्याचं असतं. समोर कोण उभं होतं त्याचं नाव नसतं. ते वाचायला आपल्या हुतात्मा स्तंभाकडे जावं लागतं.

म्हातारीची लांबलेली ड्यूटी

१९६२ च्या चीन युद्धात आपले जवान हीच रायफल घेऊन लढले, समोर ऑटोमॅटिक शस्त्रं होती. त्यानंतर सैन्यात सेल्फ लोडिंग रायफल आली. इशापूरने याच जुन्या डिझाइनवर ७.६२ मिलिमीटरची २ए मॉडेलही काढली; ती चौकोनी मॅगझिनवरून लगेच ओळखू येते. पोलिसांकडे मात्र थ्री नॉट थ्री राहिली ती राहिलीच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हातात होत्या लाठ्या आणि थ्री नॉट थ्री. प्रत्येक गोळीनंतर दांडी वर, मागे, पुढे, खाली! उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला निरोप दिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला. मशीन टिकाऊ आहे म्हणून ते बदलायचंच नाही, याची किंमत माणसं मोजतात.

कामाची गोष्ट

आता दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. एक, .३०३ हा प्रतिबंधित बोअर आहे. प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर ७ ते १४ वर्षं कैद आहे. 'अँटिक आहे हो' म्हणून सुटका होत नाही. दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशा शस्त्रालाच सूट आहे. आजोबांच्या माळ्यावर काही निघालं तर फोटो स्टेटसला नको, पोलीस ठाण्यात कळवा.

दोन, आपल्यातले बरेच जण तारापूर एमआयडीसीत ट्रेनिंगला जातात आणि तिथल्या काही कारखान्यांत भंगार वितळवतात. भंगारात काय येईल सांगता येत नाही. २००४ मध्ये साहिबाबादच्या एका स्टील कारखान्यात आयात भंगारातल्या तोफगोळ्याचा स्फोट होऊन कामगारांचा जीव गेला होता. थ्री नॉट थ्रीचं काडतूस पितळी, बुडाला कडेने बाहेर आलेली किनार. बुडावर 'के एफ' असेल तर ते आपल्या खडकीच्या कारखान्याचं, बाजूला सालही असतं. पुढे गोळी आणि बुडाच्या मधल्या टोपीवर खड्डा नाही, म्हणजे ते जिवंत आहे. कितीही जुनं असो. हातोडा मारू नका, खिशात घालू नका, जवळ गॅस कटर चालू असेल तर आधी बंद करायला लावा. लांब व्हा, सेफ्टी ऑफिसरला सांगा आणि ११२ ला फोन करा.

तर मंडळी, येत्या जानेवारीत रेझिंग डेला गेलात तर एके-४७ बरोबर सेल्फी जरूर काढा. पण कोपऱ्यातल्या म्हातारीजवळही थांबा, तिथल्या हवालदार काकांना विचारून बोल्टखालचं कडं वाचा. 'इशापूर', 'जी आर आय' आणि १९३० च्या आधीचं साल सापडलं तर मला नक्की कळवा. वहीत पानं शिल्लक आहेत!