राजगिऱ्याचा आठवा हिस्सा

वैशाखात भूम तालुक्यातल्या ईट गावाच्या आसपासच्या एखाद्या तलावाच्या काठी उभं राहा. पाणी आत सरकलेलं, चिखलात खुरांचे ठसे, आणि वारा ज्या बाजूला ढकलतो तिथे हिरवा तवंग साचलेला. बाभळीची लांब काडी त्यात बुडवून वर काढा. तिला केसांसारखे धागे लोंबले तर ते बहुधा साधं शेवाळ. काडी रंगाच्या डब्यातून काढल्यासारखी माखून आली तर मात्र जनावरं मागे वळवा. ते नीलहरित शेवाळ असू शकतं. नावाला शेवाळ, जातीनं जिवाणू.

त्यातल्या मायक्रोसिस्टिसची एक पेशी सुमारे ५ मायक्रॉनची. एक मिलिमीटर भरायला अशा दोनशे पेशी ओळीत लावाव्या लागतात. याचे काही वाण मायक्रोसिस्टिन नावाचं विष बनवतात आणि ते यकृतावर घाला घालतं. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा ठरवली आहे लिटरला १ मायक्रोग्रॅम. लिटरभर पाणी म्हणजे शंभर कोटी मायक्रोग्रॅम. त्यात एक.

एवढ्या विषाला पेशी किती लागतात? संघटनेच्याच ढोबळ हिशेबात मिलिलिटरला १ लाख पेशी असल्या तर विष लिटरला २० मायक्रोग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे मर्यादा गाठायला ५,००० पुरे. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात त्या झाल्या १० लाख. पण या दहा लाख पेशी एका जागी गोळा केल्या तर राजगिऱ्याच्या एका दाण्याचा जेमतेम आठवा हिस्सा भरतो! मी हे गणित तीनदा मांडून पाहिलं. आणि दर दोन दिवसांनी दुप्पट असा वेग धरला, तर पाडव्याला असलेल्या एका पेशीच्या अक्षय तृतीयेनंतर सुमारे नऊ दिवसांत दहा लाख होतात.

आता मोठ्या पाण्याकडे या. धाराशिव शहराला उजनीचं पाणी येतं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरतं. त्यातल्या १ किलो फॉस्फरसवर ५०० किलोपर्यंत ओलं शेवाळ पोसू शकतं. उजनीचं पाणी हिरवं पडल्याच्या बातम्या म्हणूनच पुन्हा पुन्हा येतात. धरण काठोकाठ भरलं की साठा ११७ टीएमसी, म्हणजे सुमारे ३ लाख ३१ हजार कोटी लिटर. एवढ्या सगळ्या पाण्याला मर्यादेपर्यंत न्यायला विष किती लागेल? सुमारे ३.३ टन. उसाच्या एका ट्रॉलीत याहून जास्त माल जातो.

पण हा झाला सरासरीचा हिशेब, आणि या कामात सरासरीइतकं फसवं काही नाही. या पेशींच्या पोटात वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. वारा पडला की पेशी वर तरंगतात आणि झुळूक आली की एका काठाला गोळा होतात. तिथली दाटी हजारपट होणं अवघड नाही. अशा तवंगातल्या १०० मिलिलिटरच्या एका ओंजळीत १०० मायक्रोग्रॅम विष असू शकतं. मर्यादेतलं पाणी रोज दोन लिटर पिणाऱ्या माणसाच्या पोटात तेवढं जायला पन्नास दिवस लागतील. तलावाच्या मध्यावर बाटली भरून आलेला ‘पाणी ठीक’ हा अहवाल काठावर तोंड लावणाऱ्या म्हशीच्या काय कामाचा? भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत, कितीतरी घरांचा संसार दावणीवर चालतो. तिथे नमुना पाणवठ्यावरूनच घ्यायला हवा. ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना तलावाच्या काठी असाच तवंग पिऊन मेंढ्या, घोडे, कुत्री मेल्याचं जॉर्ज फ्रान्सिसनं ‘नेचर’मध्ये लिहिलं, ते १८७८ साली. त्याच देशात १९९१मध्ये डार्लिंग नदी सुमारे हजार किलोमीटर हिरवी झाली होती. आपली अख्खी भीमा ८६१ किलोमीटरची.

घराघरांत सांगायला हवी अशी एक गोष्ट. हे विष उकळून जात नाही, उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरतं. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४मध्ये चार लाखांवर लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको, असं सांगावं लागलं. औषध टाकून शेवाळ मारावं तर तीच गत. १९७९मध्ये क्वीन्सलँडच्या पाम बेटावर धरणात मोरचूद टाकलं, मेलेल्या पेशींतलं विष नळाला आलं, आणि १४८ जण आजारी पडले. त्यातली १३८ मुलं होती.

नजर ठेवायला आता उपग्रह आहेत. सेंटिनेल-३ हा या जिवाणूंचा खास निळा रंग ओळखतो, पण त्याचा एक ठिपका ३०० मीटर गुणिले ३०० मीटर, म्हणजे बावीस एकरांचा. गावचा पाझर तलाव त्यात अख्खा हरवून जाईल. सेंटिनेल-२चा ठिपका दहा मीटरचा, जवळजवळ बरोबर एक गुंठा! तो दर पाच दिवसांनी ईटवरून जातो. मात्र त्याला नुसती हिरवाई दिसते, निळा रंग वेगळा काढता येत नाही.

म्हणून काचेची बरणी. हातमोजे घालून काठाचं पाणी पाऊण बरणी भरा, झाकण लावा, रात्रभर सावलीत न हलवता ठेवा. सकाळी हिरवं तळाला बसलं असेल तर ते बहुधा साधं शेवाळ. वर तरंगून काचेला हिरवं कडं धरलं असेल, तर त्यात विष आहे की नाही हे बरणी सांगणार नाही, ते प्रयोगशाळाच सांगेल. तोवर त्या काठाला जनावर नेऊ नका, आणि पशुवैद्यकाला त्याच दिवशी कळवा.