नकाशा मंजूर होईपर्यंत भाडं कोण भरणार?

फ्रँचायझी घ्यायची म्हटलं की घराघरांत चर्चा होते ती फीची. आम्हाला जास्त काळजी वाटते ती त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांची. गाळा घेतलेला असतो, डिपॉझिट गेलेलं असतं, भाडं सुरू असतं आणि दुकानाचा नकाशा कंपनीच्या टेबलावर पडून असतो. अम्मीचे दागिने मोडून उभा केलेला पैसा इथेच झिरपतो.

कंपनी नकाशात काउंटर, पाटी, रंग, दिवे पाहते. तिची मंजुरी म्हणजे सरकारी मंजुरी नव्हे. पोटमाळा काढायचा तर महापालिकेची परवानगी वेगळी. खाण्यापिण्याचं दुकान असेल आणि सोसायटीने धुराड्याला हरकत घेतली, तर कंपनीने पास केलेला नकाशाही पुन्हा काढावा लागतो. म्हणून धुराडं, पाणी, निचरा यांची संमती सोसायटीकडून आधीच लेखी घ्यावी.

आपल्या देशात फ्रँचायझीचा स्वतंत्र कायदा नाही. भिस्त मुख्यतः १८७२ च्या करार कायद्यावर आणि तुम्ही सही केलेल्या कागदावर. तेव्हा सहीपूर्वीच विचारा: नकाशावर किती दिवसांत उत्तर येणार? दुरुस्त्यांचा खर्च कोणाचा? नामंजूर झाला तर फी परत मिळणार का? सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलंय, आणि आपण ‘माणसं चांगली वाटतात’ म्हणून मोकळे होतो!

गाळामालकाशीही बोला. फर्निचरचं काम चालू असेपर्यंत भाडं माफ करणारे मालक असतात. मागावं मात्र लागतं, आणि ते भाडेकरारात उतरायला हवं.