सोबत्याचेही तिकीट : उतारवयातील अपंगत्व आणि प्रवासाची सवलत

पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेली, पण एक पाय ओढत चालणारी व्यक्ती घरात असेल, तर तिचे बाहेर पडणे कसकसे कमी होत जाते हे त्या घरातील माणसांना सांगावे लागत नाही. आधी लग्नकार्ये सुटतात, मग देवदर्शन, मग बँकेची कामे मुलाकडे जातात. शेवटी फिजिओथेरपीच्या फेऱ्याही 'या आठवड्यात राहू दे' म्हणत लांबणीवर पडतात. दोष सगळा पायाचाच असतो असे नाही. एकट्याने जाणे शक्य नसल्यामुळे प्रत्येक फेरीला दोन तिकिटे लागतात. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून दोनदा जायचे, तर महिन्याला दोघांची मिळून बत्तीस तिकिटे होतात. सोबत्याची बुडालेली मजुरी किंवा खर्ची पडलेली रजा वेगळीच.

दिव्यांग व्यक्तींसाठी असलेल्या प्रवाससवलतीचा विचार अशा घरांत बहुधा होत नाही. दिव्यांग म्हणजे जन्मतः किंवा अपघाताने अपंग झालेला कुणी तरुण, असे चित्र आपल्या मनात असते. सत्तरीत पाय लुळा पडला, कानाने ऐकू येईनासे झाले, तर ते 'वयोमानानुसार'. ज्येष्ठांना स्वतःलाही तो शब्द लावून घेणे जड जाते. 'मी काय अपंग आहे?' हा प्रश्न अनेक घरांत अर्जाचा कागद बाजूला सारून गेला आहे. कायद्यात मात्र अपंगत्व कोणत्या वयात यावे याची अट नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि १९९५ च्या कायद्यातील ७ प्रकारांच्या जागी २१ प्रकार मान्य झाले. त्यांत कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, नावानिशी आहे. दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार आहेत, अल्पदृष्टी आहे, श्रवणदोष आहे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व असल्याचे प्रमाणपत्र लागते.

हे टक्के आजाराच्या नावावरून ठरत नाहीत. आजाराने शरीराची कोणती क्षमता किती हिरावली, हे मोजले जाते. म्हणूनच 'गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, मग कार्ड मिळेल ना?' या प्रश्नाला सरसकट होकार देता येत नाही. बदललेल्या गुडघ्याने माणूस नीट चालू लागला असेल, तर टक्के कमी भरतील. आणि तसे ते भरावेत हीच त्या शस्त्रक्रियेची सफलता. पक्षाघातासारख्या मज्जासंस्थेच्या विकारांत मूल्यमापन झटक्यानंतर सहा महिन्यांनी करतात, कारण तोवर शरीर बरेच सावरत असते. घाईने दुसऱ्याच महिन्यात रुग्णाला उचलून नेणाऱ्यांची फेरी वाया जाते. ते सहा महिने व्यायामाचे आहेत, कार्डाचे नव्हेत.

डोळ्यांच्या बाबतीत चांगल्या डोळ्याची दृष्टी, तीही योग्य चष्मा लावून, पाहिली जाते. तिची तीक्ष्णता ६/१८ पेक्षा कमी असेल तर ती अल्पदृष्टी आणि ३/६० पेक्षा कमी असेल तर अंधत्व. मोतीबिंदूमुळे दिसत नसेल, तर आधी मोतीबिंदू काढावा; उपचाराने बरे होणारे कायमच्या अपंगत्वात धरत नाहीत. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा निरोगी असला, तर ३० टक्केच धरले जातात. कानांचा हिशेब असाच. दोन्ही कानांनी ६० ते ७० डेसिबलपर्यंतचे ऐकू येत नसेल तर 'ऐकू येण्यास कठीण' आणि ७० च्या पुढे बहिरेपण. स्मृतिभ्रंशाचे नाव यादीत स्वतंत्र नाही. मानसिक आजारातील अपंगत्व मोजण्यासाठी आपल्याकडे जी मोजपट्टी तयार झाली, तिच्यात मात्र स्मृतिभ्रंशाचा विचार झालेला आहे. अशा रुग्णाच्या कुटुंबीयांनी मनोविकारतज्ज्ञांशी आधी बोलून घ्यावे.

अर्ज 'स्वावलंबन' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर करायचा असतो. आधार, छायाचित्र, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा आणि उपचारांची कागदपत्रे जोडून रुग्णालय निवडले की तपासणीचा दिवस मिळतो. घरात कुणाला जमत नसेल तर सेवा केंद्रातून अर्ज भरता येतो. पुढचे काम जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत सिव्हिलमध्ये, किंवा नेमून दिलेल्या अन्य शासकीय रुग्णालयात होते. तपासणीनंतर प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, अर्थात यूडीआयडी कार्ड मिळते. ४० ते ७९ टक्क्यांसाठी पिवळे, ८० व त्यापुढे निळे आणि ४० हून कमी असल्यास पांढरे, असे त्या कार्डाचे रंग आहेत. ज्यांच्याकडे जुने कागदी प्रमाणपत्र आहे, त्यांनीही हे कार्ड करून घ्यावे.

तपासणीच्या दिवसाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सांभाळणाऱ्यांची खरी दमछाक तिथे होते. केसपेपर, मग एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत कानांची किंवा डोळ्यांची तपासणी, मग सही. अर्धा दिवस सहज जातो. डबा, पाणी, दुपारच्या गोळ्या, मधुमेह असल्यास काहीतरी गोड, आणि लघवीचा त्रास असलेल्यांसाठी जादा कपडे सोबत असावेत. चाकाची खुर्ची दारातच मागून घ्यावी. कागद तारखेप्रमाणे लावून न्यावेत : रुग्णालयातून सुटी मिळतानाचा सारांश, मेंदूचे स्कॅन, कानांचा आलेख, चालू औषधांची चिठ्ठी. चष्मा व श्रवणयंत्र विसरू नये.

आणि एक गंमत प्रत्येक घरात घडते. एरवी भिंत धरून न्हाणीघरात जाणारे आजोबा डॉक्टरांपुढे ताठ उभे राहतात आणि 'मला काही होत नाही, हीच मंडळी घाबरतात' असे सांगतात. आयुष्यभर कुणापुढे हात न पसरलेल्या माणसाचा तो स्वाभिमान आहे. त्यावर डाफरू नये. आदल्या दिवशीच त्यांच्याशी शांतपणे बोलावे. जिना चढता येतो का, बटण लावता येते का, बसची पायरी चढताना कुणाचा हात लागतो का, हे आहे तसे सांगायचे, एवढेच त्यांना समजवावे. उलट बाजूने, त्रास वाढवून सांगण्याचा मोहही टाळावा. खोट्या मार्गाने सवलत घेणाऱ्यास याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. निर्णय मान्य नसेल, तर ९० दिवसांच्या आत अपील करता येते; त्यासाठी निर्णयाचा कागद आणि त्याची तारीख जपून ठेवावी.

एसटीचा हिशेब

महाराष्ट्रात एसटीच्या साध्या गाड्यांत ४० टक्के व त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल, तर तिच्या मदतनीसालाही ५० टक्के सवलत मिळते. शिवशाहीत हे प्रमाण थोडे कमी आहे. म्हणजे दिव्यांग म्हणून एसटीचा प्रवास पूर्ण मोफत नाही. मोफत आहे तो पंचाहत्तरी पार केलेल्यांना, 'अमृत ज्येष्ठ नागरिक' म्हणून, ऑगस्ट २०२२ पासून. ६५ ते ७५ या वयोगटाला निम्मे भाडे पडते, आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांनाही निम्मेच.

'मग ऐंशीच्या माणसाला दिव्यांग कार्ड हवे कशाला?' असे कुणी विचारील. समजा, एकेरी भाडे २०० रुपये आहे आणि ७० टक्के अपंगत्व असलेल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना घेऊन चाळिशीतला मुलगा निघाला आहे. वयाच्या सवलतीवर आजोबांचे तिकीट शून्य, मुलाचे पूर्ण २०० रुपये. दिव्यांग सवलतीवर आजोबांचे ५० आणि मदतनीस म्हणून मुलाचे १००, म्हणजे १५० रुपये. सोबत मुलगा नसून मुलगी किंवा सून असेल, तर आजोबांचे वयाच्या सवलतीत शून्य आणि तिचे महिला म्हणून १००. इथे वयाचीच सवलत बरी. आजोबा सत्तरीचे असते, तर वयाच्या सवलतीने त्यांचेच १०० रुपये झाले असते आणि दिव्यांग कार्डाने ५०. हा हिशेब घरी बसून करावा आणि कोणत्या सवलतीचे तिकीट हवे ते वाहकाला आधीच सांगावे. गर्दीच्या गाडीत मशिनवर तिकीट निघाल्यावर तो बिचारा तरी काय करणार? वयाच्या सवलतीत सोबत्यासाठी काहीच नसते. सोबत्याची सवलत येते ती केवळ अपंगत्वाच्या प्रमाणपत्रातून. माझ्या मते उतारवयात हे कार्ड काढण्याचे सर्वांत मोठे कारण हेच.

डायलिसिसवर असलेल्या रुग्णांसाठी एसटीची वेगळी आणि पूर्ण मोफत सवलत आहे, ती आगारात विचारून घ्यावी. शहरांत मात्र नियम पालिकेगणिक बदलतात. राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, आणि अनेक ठिकाणी त्यातूनच बसच्या मोफत पासचे पैसे भरले जातात. पुण्यात पीएमपीचा दिव्यांगांचा पास पालिकेमार्फत असाच मिळतो. त्यामुळे अर्ज बसच्या आगारात करायचा की पालिकेच्या समाजविकास विभागात, हे आधी पाहावे, आणि रहिवासाचा पुरावा त्याच पालिकेच्या हद्दीतील असावा. मुलाकडे चार महिने आणि मुलीकडे आठ महिने राहणाऱ्या आईवडिलांची इथे अडचण होते.

रेल्वेचे दार वेगळे

रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. तोवर पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के मिळत असे. दिव्यांगांची सवलत मात्र चालू आहे; पण ती यूडीआयडी कार्ड दाखवून आपोआप मिळत नाही, आणि २१ प्रकारांपैकी सर्वांना मिळतही नाही. रेल्वे चारच गट मानते : सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग किंवा अर्धांगग्रस्त, सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे बौद्धिक अपंग, पूर्ण अंध, आणि ऐकणे व बोलणे दोन्ही पूर्ण गेलेले. उतारवयात बहिरेपण आलेला पण नीट बोलणारा माणूस यात बसत नाही, आणि थोडेफार दिसणाराही नाही. हा निकष मला कठोर वाटतो. कानाने ऐकू न येणाऱ्याला फलाटावरची घोषणा कळत नाही, तो बोलू शकतो म्हणून ती कळू लागत नाही. पण तिकीट खिडकीवरच्या माणसाशी यासाठी वाद घालून उपयोग नाही.

पहिल्या तीन गटांना द्वितीय श्रेणी, शयनयान, वातानुकूलित खुर्ची व तीन टियर वातानुकूलित डब्यांत मूळ भाड्यावर ७५ टक्के, वातानुकूलित प्रथम व दोन टियर डब्यांत ५० टक्के, आणि राजधानी-शताब्दीत खुर्ची व तीन टियरसाठी २५ टक्के सवलत आहे. सोबत्यालाही तेवढीच. आरक्षणाचे व अतिजलद गाडीचे शुल्क पूर्ण भरावे लागते. यासाठी रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातील सवलत प्रमाणपत्र शासकीय डॉक्टरांकडून भरून घ्यायचे असते. 'सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही' हे शब्द त्यात असणे निर्णायक ठरते. शहाणपणाची गोष्ट अशी की दिव्यांग तपासणीला जातानाच हा कोरा नमुना छापून न्यावा. त्याच डॉक्टरांसाठी त्याच रुग्णालयात पुन्हा फेरी पडत नाही. पस्तिशीच्या पुढील व्यक्तीचे कायमच्या अपंगत्वाचे हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. ते जोडून रेल्वेच्या दिव्यांगजन संकेतस्थळावर अर्ज केला, की रेल्वेचे छायाचित्र असलेले ओळखपत्र मिळते आणि त्याच्या क्रमांकावर घरबसल्याही तिकीट काढता येते.

कर्करोगाच्या रुग्णांची गोष्ट आणखी वेगळी. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना त्यांना शयनयान व तीन टियर वातानुकूलित डब्यात पूर्ण मोफत प्रवास आहे आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत. त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागत नाही; उपचार करणाऱ्या रुग्णालयाचे, रेल्वेच्या नमुन्यातील पत्र लागते. मुंबईला उपचारासाठी वारंवार येणाऱ्या कुटुंबांनी ते पहिल्याच भेटीत मागून घ्यावे.

प्रवासात मूळ ओळखपत्र जवळ असलेच पाहिजे. मोबाइलमधील छायाचित्रावर विसंबू नये. सोबत्याचे तिकीट सवलतीचे असेल, तर दोघांनी एकत्रच प्रवास करावा. परतीच्या वेळी रुग्णाला रुग्णालयात ठेवून घेतले आणि मुलाला एकट्याने गावी जावे लागले, तर त्या फेरीचे त्याचे तिकीट पूर्ण भाड्याचे काढावे.