टिग वेल्डिंग शिकणाऱ्यांसाठी हेल्मेट

औंधच्या आयटीआयमध्ये वा भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये टिग वेल्डिंग शिकू पाहणाऱ्या आपल्या मुलांना आम्ही सुचवू इच्छितो की, पहिला खर्च हेल्मेटवर करावा. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात फिलर. मग हातातली शील्ड धरणार कोण? आपोआप काळी होणारी काच सोयीची, मात्र चार सेन्सरची पाहावी. कमी अँपिअरचा टिगचा आर्क मंद. त्यात हात आड आला तर दोन सेन्सरची काच मध्येच उजळू शकते. 50 अँपिअरच्या आत शेड 10, 150 पर्यंत 12 हा साधारण हिशेब. जोड दिसत नसेल तर एक नंबर उतरावे, 8 च्या खाली कदापि नाही. गॉगल लावून टॅक मारण्याची फुशारकी तर नकोच. अतिनील किरणांचा त्रास त्याच वेळी कळत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते.