कृपादाने आणि कामाची वाटणी

आम्ही पंडित नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, दिवसभराचे काम आटोपल्यावर. तेव्हा ख्रिस्ती मंडळीतील कृपादानांवर आम्ही बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण हा प्रश्न आम्हांला परका नाही. दहा माणसे एका कार्याला लागली की कोणते काम कोणी करायचे, आणि ‘मला काहीच येत नाही’ म्हणून मागच्या बाकावर बसणाऱ्याचे काय करायचे, ही अडचण मंडळीला आहे तशी संघटनेलाही आहे.

कृपादान म्हणजे देवाने कृपेने दिलेली देणगी. ती कमाई नव्हे, म्हणून तिचा तोरा मिरवता येत नाही. आणि ती एकट्यासाठी नसते, सर्वांच्या हितासाठी असते. संत पौलाने इ. स. 55 च्या सुमारास करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात याचा मोठा खल केला आहे. करिंथ हे दोन समुद्रांमधले व्यापारी शहर. तिथे सावकार होते तसे गुलाम आणि ओझी वाहणारेही होते. ज्यांना अनोळखी भाषांत प्रार्थना स्फुरे, ते तिथल्या मंडळीत स्वतःला वरचढ समजू लागले होते. पौलाने शरीराचा दृष्टान्त देऊन त्यांना जमिनीवर आणले. तो दृष्टान्त सर्वांना ठाऊक आहे. आमचे लक्ष वेधले ते त्याच्या यादीने. चमत्कार करणारे आणि रोग बरे करणारे यांच्याच पंगतीला त्याने मदत करणारे आणि व्यवस्था पाहणारे बसवले आहेत. म्हणजे हिशेबाची वही सांभाळणाराही देणगीनेच काम करतो!

मग ही देणगी ओळखावी कशी? हल्ली काही ठिकाणी प्रश्नांचे छापील कागद भरून घेतात. कागदाला आमची हरकत नाही. पण माणूस स्वतःविषयी एकतर फार लिहितो, नाहीतर काहीच लिहीत नाही. आमच्या कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. टोळीत नवा गडी आला की त्याला कोणी कागद देत नाही. चार दिवस तो सगळी कामे करून पाहतो. थप्पी कोणाची सरळ लागते, मोजदादीत कोण चुकत नाही, दमलेल्याच्या डोक्यावरचे ओझे न सांगता कोण उतरवतो, हे त्याच्याआधी टोळीला कळते. मंडळीतही असेच व्हावे. आधी गरज दिसावी, मग हात लागावा, आणि ‘हे तुझे काम’ असे चारचौघांनी म्हणावे.

चारचौघांचीही चूक होते, हे मात्र कबूल केले पाहिजे. एकदा एका फर्ड्या वक्त्याला आम्ही खजिनदार केले. दारावरच्या सभेत तो माणसे हलवी; पण वर्षअखेर जमाखर्च जुळेना. पैसा कोणी खाल्ला नव्हता, पावत्याच फाडल्या नव्हत्या. तो बिचारा खचला, आणि चांगला वक्ताही हातचा गेला. दोष त्याचा नव्हता. टाळ्या ऐकून माणूस निवडणाऱ्या आमचा होता.

याची उलट बाजू पाहायची तर पुणे जिल्ह्यातील केडगावला जावे. 1896–97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणल्या आणि तिथे मुक्ती सदन उभे राहिले. जगाच्या लेखी त्या मुलींजवळ देण्यासारखे काही नव्हते. जून 1905 मध्ये तिथे मोठी जागृती झाली. मुली तासन्‌तास रडून प्रार्थना करीत, आणि काहींच्या तोंडून अनोळखी बोल निघाल्याचेही सांगतात. रमाबाईंनी त्यांना दडपले नाही. पण त्यापायी बाकीचे काम थांबले असेही झाले नाही. कोणी गावोगाव सुवार्ता सांगायला निघाल्या, कोणी मागावर बसल्या, अंध मुलींनी ब्रेल लिपी शिकून घेतली. आणि रमाबाई स्वतः हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून बायबल साध्या मराठीत उतरवीत होत्या. त्याचे खिळे जुळवणे, छापणे ही कामे तिथल्याच स्त्रियांनी केली. 5 एप्रिल 1922 रोजी बाई गेल्या. ते बायबल 1924 मध्ये छापून पुरे झाले. रमाबाईंची विद्वत्ता मोठी खरीच. पण खिळे जुळवणारे हात नसते तर ती हस्तलिखितातच राहती.

काही देणग्या फार उशिरा उघड होतात. रेव्हरंड टिळकांची काव्यशक्ती लहानपणीच दिसली. लक्ष्मीबाईंना अक्षरओळखच मुळी लग्नानंतर झाली, आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग निघाला 1934 साली, वयाच्या पासष्टीनंतर. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुढे नेले.

आमच्या वस्तीत नगरकडची, वसईकडची, केरळातली ख्रिस्ती कुटुंबे आहेत. उपासना संपली की एक म्हातारी बाई, कोण आले नाही ते पाहते आणि संध्याकाळी त्या घरी जाते. तिला आम्ही विचारले, तुमचे कृपादान कोणते? ती म्हणाली, “ते पाळकसाहेबांना विचारा. मला आता शेजारच्या इमारतीत जायचं आहे, तिथली पोरगी दोन रविवार आली नाही.”