जर्मन रणगाड्यांचे जतन : उपयोग आणि अस्सलपणा

दुसऱ्या महायुद्धात कल्याणनजीक उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी आसरा घेतला, व १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकी टिकल्या त्या नवा उपयोग लाभला म्हणून. आणि त्याच उपयोगाने त्यांचे मूळ रूपही पालटले. संग्रहालयांतील जर्मन रणगाड्यांची कथा याहून फारशी निराळी नाही.

युद्धानंतर बहुतेक रणगाडे भट्टीत गेले. सुमारे १३५० टायगरांपैकी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. इंग्लंडमधील बोव्हिंग्टन येथील 'टायगर १३१' हा एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागला. चर्चिल रणगाड्याच्या गोळ्याने त्याचा बुरूज फिरेनासा झाला, तेव्हा आतील सैनिक तो सोडून गेले. तो वाचला तो शत्रूच्या जिज्ञासेमुळे : त्याच वर्षी तो तपासणीसाठी इंग्लंडात नेण्यात आला आणि त्याचे इंजिन अभ्यासासाठी छेदून ठेवण्यात आले. १९५१ मध्ये तो संग्रहालयाकडे आला. १९९० नंतरच्या दुरुस्तीत त्यात बसविलेले इंजिन संग्रहालयातीलच दुसऱ्या टायगरचे होते. मग धावताना दिसला तो टायगर 'अस्सल' कितपत? त्याच्या हस्तगत होण्याचे स्थळही दीर्घकाळ चुकीचे सांगितले जाई; सैनिकांच्या आठवणी व पत्र्यावरील आघातांच्या खुणा ताडून पाहिल्यावर ते बदलावे लागले. येथे कागदापेक्षा लोखंड अधिक विश्वसनीय ठरले. रशियातील प्रचंड 'माऊस' तर एका नमुन्याचा सांगाडा व दुसऱ्याचा बुरूज जोडून सिद्ध केलेला आहे.

आपल्या राज्यात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ पासून रणगाडा संग्रहालय आहे. तेथे जपानी रणगाडे आहेत. जर्मन लष्कराची मात्र आठ चाकांची चिलखती गाडी आहे, आणि तिला रणगाडा म्हणणे शास्त्रशुद्ध नव्हे. अशा गाडीवरील रंगाचे थर, कोरलेले क्रमांक व सांध्यांची जोडणी यांची नोंद करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यास झेपण्याजोगे काम आहे. धातूवरील खुणा वाचण्यासाठी कारखान्याची दृष्टी लागते, आणि ती आपणांस दूर शोधावयास नको. अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी २०२१ पासून चिलखती वाहनांच्या सरकारी कंपनीतच समाविष्ट आहे.